एका सुताची फट

सत्यभामा गावच्या महिला दूध संस्थेवर बिनविरोध निवडून आली. असं काही घडलंच नाही, असं तिचा नवरा गहिनीनाथ आजही सांगतो. घडलं म्हणावं तर ड्रॉवरचं सांगावं लागतं. त्याचा मान राखून आपणही घडलं नाही असंच धरून चालू.

तर, सत्यभामेचा उमेदवारी अर्ज ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये होता. तालुक्याला नेऊन द्यायची मुदत दुपारी तीनची. सकाळचे दहा वाजले होते आणि ड्रॉवर उघडत नव्हता.

ड्रॉवर गहिनीनाथनंच केला होता. तो साखर कारखान्यात फिटर. तीन वर्षं पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखाना बंद, म्हणून फिटर घरी. बांधावरचा आंबा उभ्या उभ्या वाळला, त्याच्या फळ्या पाडून त्यानं ओट्याखाली कपाटं केली. लोखंडाची सवय. ड्रॉवर असा बसवला की फटीत वर्तमानपत्राचा कागद शिरेना. गाव बघायला लोटलं. एकटा बंकट सुतार नाक मुरडून उभा.

"एक सूत फट ठेव, गहिन्या. लाकूड पाणी पितंय."

"माणसाला टँकर मिळंना बे. लाकडाला कोण पाजतंय?"

लोक लई हसले. कौशल्याबाईंनी तिथंच उभ्या उभ्या आपल्या घरी असाच ड्रॉवर करायला सांगितला.

मग परतीचा पाऊस नऊ दिवस पडला. लाकडानं तीन वर्षांचं एकदम पिऊन घेतलं.

गहिनीनाथनं ओढून पाहिलं. मेण घासलं. शेवटी नारळ फोडला. तोवर सत्यभामा कुऱ्हाड घेऊन आली.

"सरका."

"अगं, असा सांधा अख्ख्या जिल्ह्यात न्हाई!"

"जिल्ह्याला निवडणूक न्हाई. मला हाय."

"वाळंल की दोन दिसांत."

"अवं, तीन वाजता मुदत सपती!"

"एक तास दे. काढतो मार्ग."

तिनं घड्याळात बघून एक तास दिला. गहिनीनाथ पायात चप्पल न घालता पळाला. अकरा वाजले, मार्ग आला नाही, कुऱ्हाड पडली. पावणेतीनला कोपरा तुटलेला अर्ज तालुक्याला दाखल झाला. समोरच्या उमेदवार कौशल्याबाई. त्यांचा अर्ज आलाच नाही. तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता आणि एवढं सुबक काम फोडायला त्यांच्या मालकांचा जीव होईना.

गहिनीनाथ त्या तासात तलाठ्याकडं बसला होता. अर्ज लिहीत. तीन वर्षांपूर्वी गाव कोरडं पडल्याचा हुकूम तिथूनच आला होता, तेव्हा मार्गही तिथंच असणार, हा त्याचा हिशेब. कागद अजून फायलीत आहे:

"...सबब, मौजे मजकूर हे गाव आज दुपारी तीन वाजेपर्यंत पुन्हा दुष्काळग्रस्त जाहीर करण्यात यावे, व सदर आदेश अर्जदाराच्या ड्रॉवरला तात्काळ लागू करावा, ही नम्र विनंती."