पोथीसाठी काळी शाई

प्रिंटरवरचा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. काळी शाई संपली होती.

हेमाचा नवरा गंधार डबा भरता भरता म्हणाला, की घरात छापखाना काढलाय का. गेले कित्येक महिने त्या प्रिंटरवर ना तिच्या ऑफिसचे कागद छापले जात होते, ना त्याच्या. छापली जात होती ती फक्त पोथी.

सासूबाईंचा, इंदुबाईंचा, रोज एक अध्याय वाचायचा नेम होता, अगदी लग्नाआधीपासूनचा. त्या वाचत आणि सासरे, गोपाळकृष्णराव, शेजारी बसून पानावर नजर ठेवत. पान संपलं की ते हळूच 'हं' म्हणत, की सासूबाई पान उलटत. गेल्या वर्षी सासऱ्यांनीच हेमाला सांगितलं, की मूळ पोथीची अक्षरं आता आपल्याला दिसत नाहीत, जरा मोठी छापून दे. तिने दिली. मग पुन्हा जरा मोठी. एक पारायण संपून दुसरं सुरू होईपर्यंत जुनी पानं निकामी झालेली असत. आता एका पानावर चारच ओव्या मावत होत्या.

"आई, तुम्हाला तर सगळं पाठ आहे," हेमा एकदा म्हणाली होती. "पानं कशाला लागतात?"

"तोंडपाठ तर टेपही म्हणते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "माझा नेम वाचायचा आहे."

हेमाने पुढची पानं छापायला लावली.

गंधारला काळजी वेगळीच होती. एवढी मोठी अक्षरं लागणारा माणूस दर मंगळवारी धायरीहून स्कूटरवर कसबा पेठेत जायचा. गणपतीचं दर्शन, मग जुन्या मित्रांबरोबर चहा, मग त्याच गर्दीतून परत. सिंहगड रस्त्याला स्कूटर नको म्हटलं, तर "मग काय पालखी मागवू?" असं विचारायचा. शेवटी गंधारने दोन पर्याय ठेवले. डोळे तपासून घ्या, नाहीतर किल्ली द्या.

मोठी वादावादी होणार, असं हेमाला वाटलं होतं. सासऱ्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"अहो बाबा, तपासून तरी घ्या," ती म्हणाली. "नंबर वाढला असेल, नाहीतर मोतीबिंदू असेल. साधं ऑपरेशन असतं."

"नको. डोळे माझे आहेत."

तेव्हापासून मंगळवारी ते गॅलरीत बसून राहत. खाली स्कूटरवर धूळ साचत होती. एकदा तिथूनच ते म्हणाले, की गंधारच्या गाडीचं मागचं चाक बसलंय. खरंच बसलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून यांना दिसलं कसं? हेमाने विचारलं, तर म्हणाले, वॉचमन सांगून गेला. वॉचमन वर आलेला काही तिला आठवत नव्हता. पण वय झालेल्या माणसाची उलटतपासणी किती घ्यायची.

आज दुधाने उतू जायची वेळ साधली होती. हेमाने प्रिंटरचं झाकण उघडलं, जुनं कार्ट्रिज दाबून काढलं, नवीन पाकीट फोडलं, कार्ट्रिज खाचेत बसवलं, टक्कन आवाज आल्याची खात्री केली आणि अध्याय छापायला लावून स्वयंपाकघरात पळाली. तिकडून तिने सासऱ्यांना पानं उचलताना पाहिलं. त्यांनी ती डोळ्यांपुढे धरली, क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग नेहमीसारखा प्रत्येक पानाचा वरचा कोपरा दुमडला आणि गठ्ठा घेऊन देवघराच्या खोलीत गेले. त्यांचं ते कोपरे दुमडणं हेमाला फार आवडायचं. इतका नीटनेटकेपणा गंधारमध्ये औषधालाही उतरला नव्हता.

दूध वाचलं. गॅस बंद करून ती कचरा आवरायला आली आणि खोक्यावरच्या चित्रापाशी थबकली. कार्ट्रिजच्या तोंडावरची नारिंगी पट्टी आधी ओढून काढा, असं चित्रात दाखवलं होतं. तिने पाकीट झटकलं. पट्टी कुठेच नव्हती. झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर काढलं. पट्टी जशीच्या तशी चिकटलेली होती.

म्हणजे शाईचा एक थेंबही कागदावर पडला नव्हता. सगळी पानं कोरी होती.

पानं कोरी आहेत, हेही बाबांना दिसलं नाही. डोळ्यांपुढे धरूनसुद्धा नाही. आणि आपण त्या बसलेल्या चाकावरून उगाच शंका घेत होतो. आता त्यांचं काही ऐकायचं नाही, आजच गंधारला सुट्टी घ्यायला लावायची आणि डॉक्टरकडे न्यायचं. पट्टी चिकटलेलं कार्ट्रिज हातात घेऊन ती तशीच देवघराच्या दाराशी गेली.

समईच्या उजेडात सासूबाई पाटावर बसल्या होत्या. मांडीवर पांढराशुभ्र कागद होता. दुमडलेला कोपरा अंगठ्याखाली धरून त्या संथ, स्वच्छ आवाजात वाचत होत्या आणि त्यांचं बोट कागदावरून डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ खाली उतरत चाललं होतं. चौथी ओवी संपली. सासरे 'हं' म्हणाले. सासूबाईंनी पान उलटलं. खालचंही कोरंच होतं. सासऱ्यांनी वर पाहिलं. त्यांची नजर हेमाच्या हातातल्या त्या एवढ्याशा नारिंगी पट्टीवर नेमकी जाऊन थांबली आणि त्यांनी सावकाश नकारार्थी मान हलवली. हेमा मागे सरली, तशा तिच्या बांगड्या वाजल्या.

"हेमा का गं?" सासूबाई कागदावर झुकलेली मान न उचलता म्हणाल्या. "नवीन शाई चांगली आहे हो. आज अक्षरं अगदी ठळक उमटलीत."