घाट संपला की थांबायचं

खंडाळ्याचा चढ संपला तेव्हा आसावरीने एक पाय खाली टेकला. बाबा तिथे नव्हते.

धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. खोपोली सोडल्यावर तिची चेन निसटली, म्हणून बाबा हळूहळू पुढे निघाले होते. ‘पुढे असेल त्याने घाट संपला की थांबायचं.’ अलिबागहून बार्शीला निघताना बाबांनीच, म्हणजे माधवरावांनीच, हा नियम केला होता. घाट चढला की पुढे सगळी सपाटीच, असे ते आईला दहा वेळा सांगत होते. मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती.

तिने बाबांना फोन लावला. तो तिच्याच पिशवीत वाजला. चार्जिंगला लावायला तिनेच घेतला होता.

बाबा लोणावळ्याला पोचले असतील? की वाटेत कुठे कठड्याला टेकून बसले, आणि ती त्यांच्या शेजारून निघून आली?

कडेला झुंबरबाई नावाची एक बाई कणसे भाजत होती.

“मावशी, सायकलवर एक वयस्कर गृहस्थ दिसले का?”

“आबा व्हय? आलतं की. लय दम लागलावता. बसा म्हनलं, तर बसलं न्हाईत. लेक मागं ऱ्हायली म्हनलं, अन् माघारी खाली गेलं. कुटवर निघालाय तुमी?”

“बार्शीला. पण मी तर खालूनच आले!”

“तू ह्या अंगानं, ते डिवायडरच्या पल्याडनं. धुक्यात कोन कुनाला दिसतंय? बार्शीला यष्टी जात न्हाई व्हय गं?”

आसावरीने सायकल उताराकडे वळवली. झुंबरबाईने उठून हँडल धरले.

“सोडा, मावशी. त्यांना हृदयाचा त्रास आहे.”

“म्हनून तर. तू खाली गावली न्हाईस की ते परत वर येनार, तवर तू खाली. दोगांनी बी हुडकायचं म्हनल्यावर गावायचं कुनी?”

 जावे की थांबावे, आसावरीला कळेना.

खालून एक दिवा वर आला. ट्रक होता. त्याच्यामागचाही ट्रकच.

तिने सायकल कठड्याला टेकवली. घाट संपला होता; उताराकडे तोंड करून ती तिथेच थांबली.