पिवळ्या वायरीतली नदी

दुपारचा एक वाजत आला, तरी अनसूयाकाकूंच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. नदीचं दर्शन झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. साऱ्या नद्या जमिनीखालच्या पाइपांत गेल्या, तेव्हापासून त्या भावाच्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या नदीला हात जोडत. आज मात्र पडद्यावर नुसत्या मुंग्याच आल्या, म्हणून टीव्ही आणि गेमचं सगळं बिऱ्हाड घेऊन त्या रोहिदासच्या दुरुस्तीच्या दुकानात बसल्या होत्या.

रोहिदासने गेमच्या पिना स्पिरिटने पुसल्या, टीव्हीला जोडणारी जुनी पिवळी वायर काढून नव्या पद्धतीची जोडली. चित्र आरशासारखं लख्ख झालं.

"घ्या काकू! आता प्या पाणी."

डोंगर होता, होडी होती. मधोमध निळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा होत्या.

"छान आहे रे. पण नदी कुठंय?"

"ही काय!"

"हे तर लुगड्याचे पट्टे. माझी वाहत होती, बाबा."

रोहिदास रेघांकडे बघत राहिला. जुन्या वायरीतून चित्र जरा पुसट येणार आणि रेघा मिसळून पाणी दिसणार, हे धरूनच त्या काळच्या चित्रकाराने त्या मारल्या असणार. त्याने पिवळ्या वायरीचं गंजलेलं टोक घासलं आणि तीच परत लावली.

रेघा एकमेकींत विरघळल्या. पाणी हललं, होडीखालून सरकत सावकाश धुक्यात निघालं. काकूंनी हात जोडले आणि पिशवीतली बाटली तोंडाला लावली.

रोहिदासचा जन्म नद्या झाकल्यानंतरचा.  पडद्यावरच्या पाण्याकडे बघत त्याने पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या.