अँटेनावरचे कपडे

जळगावच्या त्या सोसायटीत अँटेना लावायला सक्त मनाई. पण ललित पक्का बेरकी. त्यानं बाल्कनीत अँटेनाची तार ताणली, तिच्यावर कपडे वाळत टाकले आणि आतून हॅम रेडिओचा बिनतारी संच जोडला. सेक्रेटरी अमृतलालभाऊ तपासणीला आले नि ओल्या टॉवेलखालून वाकून गेले. ललितला हसू आवरेना.

दुपारी रेडिओवर कुणी बाई कॉलसाइन, म्हणजे आपल्या स्टेशनची ओळख, न सांगताच बोलली, "दोन शर्ट, एक टॉवेल, एक हिरवी साडी."

साडी तारेवर नव्हतीच. बायको, नूतन, सकाळी तीच नेसून यावलला माहेरी गेली होती.

"कोन शे गं? माझीच फिरकी घेते का?" ललित माइकवर ओरडला. त्यानं तिरीमिरीत सगळे कपडे काढून आत फेकले.

"आता साडीच राहिली," बाई म्हणाली.

त्यानं नूतनला फोन लावला. रिंग वाजत राहिली. बाल्कनीतली रिकामी तार मधोमध वाकली होती आणि तिच्याखाली फरशीवर पाणी टपकत होतं.

"अजून ओलीच आहे," रेडिओ म्हणाला. "थांबा, पुन्हा पिळते."