वळवलेला टांगा

शिपायाने हात आडवा केला. वर्दी नवी आणि ऐट त्याहून नवी. "आगे कपास की गाड़ियाँ फँसी हैं. गल्ली से निकालो!"

"त्या गल्लीतून आपन जात नाही!" बापूजी पुढच्या बैठकीवरून कडाडले. पण शिपाई ऐकेना. टांगेवाल्या नत्थूजीने लगाम ओढून घोडा गल्लीत वळवला.

मागे बसलेली देवकाबाई सावरून बसली. याच गल्लीत जयवंता राहत होती. एकुलती एक लेक. तिने परजातीतल्या मास्तराशी लग्न केलं, तेव्हा बापूजींनी तिच्या नावाने आंघोळ केली होती. बायकोलाही बजावलं होतं, "तिच्या दारात पाय ठेवशीन, तर माह्या घरी वापस येऊ नको."

आणि देवकाबाई तर दर बाजाराला, भाजीच्या निमित्ताने, पदर पुढे ओढून तिच्याकडे जाऊन येत होती.

मान वळवली की नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती, ताठ. पांढुर्ण्याचं स्टेशन अजून लांब होतं. गाडी चुकली तरी चालेल. गेल्या महिन्यात राज्यं नव्याने आखली आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, म्हणून ज्याच्याकडे निघाले होते तो तिचा तिथला भाऊ काही पळून जात नव्हता. पण लेकीने आपल्याला पाहू नये. पाहिलं तर 'माय' म्हणत धावत येईल, आणि मग सगळंच संपलं.

निळं दार आलं. घोडा थांबला.

"हान ना त्याले! पाहून काय राहिला?" बापूजी खेकसले.

"अडून राहिला, बापूजी," नत्थूजी खाली बघत म्हणाला. चाबूक त्याने उचललाच नाही.

मागे जीपचा भोंगा सुरू झाला. सायकलवाले घंट्या बडवू लागले. बैलगाडीवाला शिव्या देऊ लागला. बापूजींच्या मानेवरून घाम ओघळला. देवकाबाईने जीव मुठीत धरून टांग्याचा दांडा पकडला.

दार उघडलं. जयवंता परातीत भिजवलेले चणे घेऊन आली, ती सरळ घोड्यापाशी. घोड्याने हक्काने परातीत तोंड घातलं.

देवकाबाई चमकली. ती तर नेहमी पायीच यायची.

जयवंताने मान वर केली. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा! माय! आज दोघंबी संगच आले?"