शेवटी आत येणारा

तंबूत झोपताना ताईचे दोन नियम असतात. बूट बाहेर उलटे ठेवायचे, म्हणजे किडे शिरत नाहीत. आणि जो शेवटी आत येईल, त्याने चेन लावायची.

सकाळी आम्ही दोघं बाहेर आलो, तर उलट्या बुटांच्या तीन जोड्या होत्या. तिसरी ओलीचिंब. ओढ्याकाठी दुसरा तंबूच नव्हता.

“थट्टा पुरे हं,” ताई म्हणाली. “काल चेन लावताना हे बूट होते का?”

“चेन तू लावलीस. मी पडल्या पडल्या झोपलो.”

“काहीतरीच! मी पडल्यावर चेनचा आवाज ऐकला. मला वाटलं, तूच.”

आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहत राहिलो.

मागे तंबूची चेन सरसरत आतून बंद झाली.