चेक हातातच हवा

तिने चेक पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

“खाडाखोड झालीये. दुसरा लिहा.”

चष्मेवाल्याने चेक डोळ्यांजवळ नेला. अक्षरी रकमेतला एक काना दोनदा गिरवला गेला होता. एरवी तो निमूटपणे दुसरा चेक लिहायचा. आज त्याने चेकबुकाचा नुसता पुठ्ठा उघडून दाखवला.

“दुसरा नाही, मॅडम. हा शेवटचाच होता. करंट अकाउंटवाल्यांना आपली बँक आता चेकबुक देत नाही. तुम्हालाही कळवलं असेल.”

तिला कळवलं होतं. ते वाचल्यापासून तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं. त्याच दिवशी तिने ठरवून टाकलं होतं. शेवटचा चेक घ्यायचा, त्याला पर्सची आठवण करून द्यायची आणि दुकान रिकामं करायला सांगायचं.

पर्सची गोष्ट जुनी होती. तेव्हा ती याच माणसाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. एका संध्याकाळी एक महागडी फ्रेम सापडेना. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्याने सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावरची पर्स ओढली आणि काउंटरवर उलटी केली. कंगवा, बसचा पास, आईच्या गोळ्या, रुमालात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड. कुणीतरी हसलं. फ्रेम दुसऱ्या दिवशी काचेच्या ट्रेखाली निघाली. “चला, मिळाली एकदाची,” असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेवढंच.

तिने नोकरी सोडली. एक शिलाई मशीन घेतलं. शाळांचे गणवेश शिवता शिवता मशीनं वाढली, माणसं वाढली, कारखाना झाला. लग्न राहून गेलं. आई गेली. पुढे त्याच्या दुकानाची इमारत विकायला निघाली, तेव्हा जवळचं होतं नव्हतं ते ओतून तिने ती घेतली. लोक म्हणाले, बाई भावात फसली. तिला भावाशी काही देणंघेणं नव्हतं.

कारखाना तिने वरच्या मजल्यांवर आणला आणि ऑफिसच्या मागच्या खोल्यांत स्वतः राहायला आली. भाडेकरारात एक अट तिने वकिलाला मुद्दाम घालायला लावली. भाडं चेकनेच द्यायचं, आणि चेक दुकानदाराने स्वतः वर येऊन हातात द्यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने तिला लगेच ओळखलं. “अरे वा, आपल्याच दुकानातली मुलगी,” तो कौतुकाने म्हणाला. त्या कौतुकाने तिचं डोकं आणखीच फिरलं.

तेव्हापासून तो दर महिन्याला गुडघ्यावर हात ठेवत जिने चढायचा. पहिल्या तारखेला ती दुसरं काही काम ठेवायची नाही. ठेवणीतले कपडे घालायची. आपण कुठे पोचलोय ते त्याला दिसायला हवं होतं. त्याला समोर बसवायची, चेकमध्ये खोट काढून पुन्हा लिहायला लावायची, आणि नेमकं दुखेल तिथे बोट ठेवायची.

“लोक आता फोनवरून चष्मे मागवतात म्हणे. तुमच्याकडे कोण येतं मग?”

“मुलगा फिरकतो का इकडे?”

आणि बायको गेल्यावर, “जेवणाचे हाल होत असतील ना?”

तो सगळ्याची उत्तरं द्यायचा. सविस्तर द्यायचा. दुकानातली मंदी, मुलाचा तुटक आवाज, करपलेल्या भाज्या. ती एकेक शब्द ऐकून घ्यायची. तो गेला की पुढचे दोन दिवस तिला हलकं वाटायचं. फक्त एकच गोष्ट त्याच्या तोंडून कधी आली नाही. पर्सचं नाव त्याने काढलं नाही.

“मग भाडं?” तिने आता विचारलं.

“पाठवतो की, इथूनच.” त्याने फोन काढला, चष्मा कपाळावर चढवून दोन-तीनदा बोट टेकवलं. तिचा फोन टेबलावर टिंग वाजला.

“आलं बघा. मी उगाच घाबरत होतो,” तो म्हणाला आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागला.

झालं? एवढंच? आता हा जिना उतरेल, पुढच्या महिन्यात खाली बसूनच बोट टेकवेल, आणि मनात कसलाही सल न ठेवता एक दिवस म्हातारा होऊन मरूनही जाईल.

“बसा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मी तुम्हाला दर महिन्याला वर का बोलवत होते, माहितीये तुम्हाला?”

तो खाली बसला. त्याने चष्मा काढून हातात घेतला आणि बराच वेळ काचा पुसत राहिला.

“माहितीये,” तो म्हणाला.

तिने टेबलाची कड घट्ट धरली. दुकान रिकामं करा, हे शब्द जिभेवर तयार होते. आधी त्याला बोलू द्यायचं होतं. सगळं, त्याच्याच तोंडून.

“आमची ही पहिल्याच महिन्यात म्हणाली होती,” तो खाली बघत हळूच म्हणाला. “चेक काय, एरवी शिपायाच्या हातीही पाठवता येतो; ही अट चेकसाठी नाही. पण एवढं सगळं उभं केलं त्या मुलीने, आणि घरात बोलायला एक माणूस नाही. तुम्ही जात जा.”

शिफ्ट सुटली होती. मशीनं बंद होती.

तो उठला. दारापाशी जाऊन वळला.

“चेक बंद झाले म्हणून मनाला लावून घेऊ नका, मॅडम. पहिल्या तारखेला मी येत जाईन तसाच.”